माणशी पाच लिटर

एकोणीस वर्षं दिल्लीच्या आसपास राहून मी हिमालय पाहिलेला नव्हता, हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत जोडून सुट्टी आली की निम्मं पार्किंग रिकामं होतं. सगळे कुठल्या ना कुठल्या डोंगराकडे पळालेले असतात. आम्ही मात्र जयपूर केलं, आग्रा चार वेळा केलं, नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी उभे राहिलो. डोंगराचं नाव निघालं की मी कारण काढायची. मुलीची परीक्षा, ऑफिसचं ऑडिट, कंबर. नवऱ्याला खरं कारण माहीत होतं, म्हणून तो फार ताणायचा नाही.

ते कारण असं. मी नाशिकची. कॉलेजात असताना माझा रविवार कुठल्या तरी किल्ल्यावर जायचा. एकविसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका गिर्यारोहण शिबिरासाठी माझी निवड झाली. महिनाभराचं शिबिर, थेट बर्फात. निवडीचं पत्र मी उशीखाली ठेवून झोपायचे. त्याच मे महिन्यात सरावासाठी तीन मैत्रिणींबरोबर एका किल्ल्यावर निघाले आणि धाकट्या भावालाही घेतलं. तो पंधरा वर्षांचा होता. आई नको म्हणत होती, मी हट्टानं नेला. माणशी दोन लिटर पाणी होतं, आणि माथ्यावर कातळात खोदलेलं टाकं आहे, त्यात बारा महिने पाणी असतं, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. टाक्याच्या तळाशी वाळलेलं शेवाळ आणि एक मेलेला सरडा निघाला. उतरताना भर दुपारी भाऊ कातळावर कोसळला. आम्ही चौघींनी त्याला आळीपाळीनं पाठीवर घेऊन खाली आणलं. तीन दिवस सलाइन लागलं, लघवी होईना म्हणून डॉक्टरही घाबरले होते. आई त्याच्या खाटेशी बसून, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवला होता."

तो बरा झाला. मी शिबिराला गेले नाही. जाऊ नको असं कुणीच म्हणालं नाही, माझं मीच कळवून टाकलं. नंतर किल्लेही सुटले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी पाण्याच्या बाबतीत झाले. भाजी आणायला निघाले तरी पर्समध्ये दोन बाटल्या. मेट्रोत, लग्नात, पालकसभेत, माझ्याकडे पाणी असतंच. आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आई ती गोष्ट कुणाला तरी नव्यानं सांगते.

यंदा एप्रिलमध्ये भावाची बदली दिल्लीला झाली. तो केंद्र सरकारात अधिकारी आहे, वय त्रेचाळीस, पोट पुढे, केस मागे. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. मुलांची शाळा म्हणून बायको पुण्यातच राहिली, त्यामुळे दर रविवारी स्वारी जेवायला आमच्याकडे. अशाच एका रविवारी, वरणभात कालवता कालवता म्हणाला, "ताई, दसऱ्याला जोडून सुट्ट्या आहेत. उत्तराखंडात एक सोपा ट्रेक आहे. एक रात्र वर तंबूत, दुसऱ्या दिवशी खाली. जाऊ या का?"

"तू जा की. मला कशाला?"

"तू नेलंस तरच येईन. मला ग्रुपबिप नको."

नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही, पण त्याचा घास थांबलेला मला दिसला. मी म्हणाले, बघते. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.  अठ्ठावीस वर्षांनी कुणीतरी तेच पोर पुन्हा माझ्या हाती देत होतं. त्याला वर न्यायचं आणि धडधाकट खाली आणायचं, एवढं एक काम मला आयुष्यात परत करून पाहायला मिळणार होतं. मी बाहेर आले आणि हो म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा जरा चिरकाच निघाला.

मग मी कामाला लागले, आणि मी कामाला लागले की घरच्यांचे हाल होतात. आम्ही सहाजण ठरलो: मी, नवरा, सतरा वर्षांची मुलगी, भाऊ, आणि बाराव्या मजल्यावरचं मुंबईचं जोडपं. तो बँकेत, ती मूळची वसईची, शाळेत शिकवते. तंबू आणि शिधा गाइडकडे, बाकी आपापलं ओझं आपापल्या पाठीवर. ऑफिसातून आल्यावर मी लॅपटॉपवर नकाशा उघडून बसायची. उंचीच्या रेषा वाचायला मी कॉलेजात शिकले होते, ते हात विसरले नव्हते. बोट फिरवत ज्या गावातून चढाई सुरू होते तिथवर गेले आणि आकडा वाचून थांबले. ते गावच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर होतं. तिथे माणसं राहतात, गाई बांधतात, मुलं शाळेत जातात. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी पोचल्यावर मी जिथे हात पसरून ओरडले होते, त्याच्याही वर कुणीतरी बाई रोज भांडी घासत होती. आम्ही पायाला बूट तिथे बांधणार होतो. मी मुलीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा, मतलब बेस कॅम्पच एवढा हाय आहे? कूल." आणि गेली. मी मात्र कितीतरी वेळ त्या रेषांकडे बघत बसले. एवढ्या दाटीवाटीनं काढलेल्या रेषा मी आजवर पाहिल्या नव्हत्या.

गुरुग्राम सपाट आहे. चढायला इथे पूल सोडून काही नाही. म्हणून सराव आमच्या टॉवरच्या आगीच्या जिन्यात. एकवीस मजले, पाठीवर सॅक, सॅकमध्ये आट्याची दहा किलोची पिशवी. पहिल्या दिवशी गार्ड काळजीनं म्हणाला, "मैडम, लिफ्ट चल रही है." त्या जिन्यात कुणी येत नाही. खिडक्या नाहीत, नुसता दिव्याचा पिवळा उजेड आणि धूळ. भाऊ शनिवारी यायचा. चौथ्या मजल्यावर त्याला धाप लागायची, अकराव्यावर तो पायरीवर बसायचा, आणि मी पुढे बाटली करायची. "पी." "ताई, आत्ताच प्यालो." "पी म्हणते ना." तो मुकाट्यानं प्यायचा. सहाव्या आठवड्यात तो न थांबता एकविसाव्या मजल्यावर पोचला. गच्चीचं दार उघडलं, समोर धुरकट टॉवर, क्रेन, आणि त्यांच्यामागे मळकट आभाळ. तो कमरेवर हात ठेवून हसत होता. मला इतकं कौतुक वाटलं की मी त्याला शिव्या घातल्या, बूट ओले का म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चादर-परेड झाली. ही आमच्या कॉलेजच्या ग्रुपची पद्धत. सॅकमध्ये काही भरायच्या आधी प्रत्येकानं जमिनीवर एक चादर पसरायची आणि नेणार ते सगळं तिच्यावर मांडायचं. चादरीच्या निम्म्या भागात मावलं नाही तर मावत नाही ते घरी. मग लीडरनं फिरून तपासायचं. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला आणि सहा चादरी अंथरल्या. मला अजून आठवतात त्या चादरी, कारण त्यांच्यावर माणसं मांडलेली होती. नवऱ्याच्या चादरीवर चार्जरच चार्जर. मुलीच्या चादरीवर हेअर स्ट्रेटनर, तोही बिनधास्त मधोमध. बँकवाल्यांनी गुडघ्याचे पट्टे आणि ओव्याची डबी आणली होती. वसईकरणीनं नारळाच्या वड्या आणल्या होत्या, तिला मी काही बोलले नाही. भावाची चादर सगळ्यात नीट होती. मोजे गुंडाळून, औषधं एका पाऊचमध्ये, टॉर्चचे सेल उलटे घातलेले, म्हणजे वाटेत चुकून पेटू नये. हे मीच त्याला शिकवलं होतं, तो चौथीत असताना. तो विसरला नव्हता हे पाहून मला भरून आलं.

आणि प्रत्येक चादरीच्या कडेला एक-एक लिटरच्या पाच बाटल्या, भरलेल्या. माणशी पाच लिटर. यावर चर्चा नाही, असं मी व्हॉट्सॲपवर तीनदा लिहिलं होतं. नवरा म्हणाला, "आपण हिमालयात चाललोय की जैसलमेरला?" मी म्हणाले, टाक्यांवर माझा विश्वास नाही. मुलीनं विचारलं, "टाकं म्हणजे? टंकी का?" 

मग सॅक भरून वजनकाट्याच्या हुकाला लावल्या. बारा किलोच्या वर नको, असं गाइडनं कळवलं होतं. सगळ्यांच्या पंधरा-सोळा भरल्या. मी लगेच फर्मान काढलं: पाण्याला हात लावायचा नाही, दुसरा स्वेटर काढा. चालताना अंग तापतंच. सगळ्यांनी कुरकुरत स्वेटर काढले. एवढ्यात मला दिसलं, भावानं स्वेटर काढला होताच, शिवाय एक बाटलीही हळूच बाहेर ठेवली होती.

"ती आत ठेव."

"ताई, चार पुरेत मला."

"पाच ठरलंय. ठेव."

त्यानं ठेवली नाही. बाटली हातात घेऊन तो चादरीवर मांडी घालून बसला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "तेव्हाही मी हेच केलं होतं."

मला कळलं नाही. माझ्या हातात कुणाचा तरी स्वेटर होता.

"किल्ल्यावर. तुम्ही चौघी पुढे होतात. पट्टा खांद्याला काचत होता. एक बाटली मी करवंदीच्या जाळीत ओतून दिली. सगळी. तूच म्हणाली होतीस ना, वर टाकं आहे. म्हटलं वर भरून घेऊ, कोणाला कळणार आहे."

 मुंबईकरांना ती गोष्ट ठाऊक नव्हती, पण त्यांनाही काहीतरी कळलं असावं. ती दोघं उठून गॅलरीत गेली.

"आणि सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगणार होतो. पण आई तुला बोलली, मी घाबरलो. मग तू शिबिराला गेली नाहीस. मग तर तोंडच उघडेना. जितका वेळ गेला तितकं अवघड होत गेलं. म्हणून म्हटलं, तुला डोंगरात नेऊ, तिथे सांगू. इथेच निघून गेलं तोंडातून."

मी ओरडले नाही याचं मला अजून नवल वाटतं. एरवी कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी मी घर डोक्यावर घेते. माणशी दोन लिटर त्या उन्हात पुरायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. चौघींना पुरलेच होते. मग त्यालाच का पुरले नाहीत, हे कोडं मी अठ्ठावीस वर्षं सोडवत होते, आणि दर वेळी उत्तर एकच यायचं, की माझंच कुठेतरी चुकलं. माझं बर्फातलं शिबिर एका करवंदीच्या मुळाशी गेलं होतं.

"उद्या तू येऊ नकोस," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. सामान सॅकमध्ये भरलं, चादरीचे चार कोपरे जुळवून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि सॅक घेऊन गेला. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला. नवऱ्यानं विचारलं, "तू जाणार आहेस ना?" मी म्हणाले, "जाणार. का नाही जाणार?" आणि मुलीचा हेअर स्ट्रेटनर तिच्या चादरीवरून उचलून कपाटात भिरकावला.

पहाटे साडेपाचला टेम्पो ट्रॅव्हलर गेटवर आला तेव्हा भाऊ गार्डच्या खुर्चीशेजारी उभा होता. सॅक पाठीवर, पट्टे बांधलेले. मी त्याच्या मागे जाऊन सॅक दोन्ही हातांनी उचलून पाहिली. तिचं वजन हाताला कळलं. पाचही होत्या.

"बस," मी म्हणाले. त्यापुढे दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुपारनंतर सपाटी संपली. ती कुठे संपते याकडे मी डोळे लावून बसले होते, तरी ती नजर चुकवूनच संपली; एका वळणानंतर डावीकडे जमीनच नव्हती. खाली, फार खाली, नदीची हिरवी रेघ. वरती बघायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर वरही कडा दिसेना. सह्याद्रीत मी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत पाहायची. इथे डोंगराचा एक तुकडाच काय तो दिसत होता, आणि त्या तुकड्याच्या अंगावर गावं वसलेली. आणि पाणी! रस्त्याच्या कडेला कपारीतून पाणी वाहत होतं, कुणीतरी त्यात एक पन्हाळ खोचून ठेवली होती, आणि ते धो धो रस्त्यावर पडून पलीकडे दरीत चाललं होतं. खाली बादली नाही, माणूस नाही, रांग नाही. मी गुरुग्रामची बाई. जूनमध्ये टँकरचा हॉर्न वाजला की आमच्या ग्रुपवर "आला, आला" अशी धावपळ उडते. त्या पाण्याकडे बघताना मला आधी वाटलं कुणाचा तरी पाइप फुटलाय. मग पुढच्या वळणावर तसंच. त्याच्या पुढच्याही. विसाव्या वळणानंतर मी मोजणं सोडलं आणि नुसती बघत राहिले. तोंड उघडंच होतं, असं मुलीनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून चढायला सुरुवात केली. आभाळ भरलेलं होतं, शिखरं कुठेच दिसत नव्हती. गाइड पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या विसाव्याला मी सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, तेव्हा त्यानं आमच्या सॅकांत डोकावून पाहिलं. "दीदी, ये इतना पानी कहाँ ले जा रहे हो?"

"ऊपर," मी म्हणाले.

"पर पानी तो ऊपर से ही आ रहा है," तो म्हणाला. हसलाही नाही. त्यानं नुसतं बोट दाखवलं. दहा पावलांवर ओढा होता. त्याच्या वर, झाडांतून, आणखी एक.

सगळे माझ्याकडे बघत होते. नवरा अगदी हळू म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मला इतकी लाज वाटली, की मी सॅक उतरवली आणि चार बाटल्या तिथल्या तिथे ओतून दिल्या. बाकीच्यांनीही ओतल्या. गुरुग्रामचं पाणी हिमालयात ओतताना मुलगी व्हिडिओ काढत होती. मग मी वाकून ओंजळीनं ओढ्याचं पाणी प्याले. दातांतून कळ थेट कपाळात गेली. इतकं गार, इतकं फुकट, इतकं अफाट पाणी मी कधी प्याले नव्हते.

भाऊ सॅक न उतरवता उभा होता.

"ओत की," मी म्हणाले. कालपासूनचं पहिलंच वाक्य.

"नाही ताई. ह्या वेळी वरपर्यंत नेणार."

"वेडा आहेस का? अजून चार तास चढ आहे."

"असू दे."

गाइडनं त्याची सॅक आपल्याकडे मागितली, त्यालाही तो नको म्हणाला. पुढचे चार तास मी त्याच्या मागून चढले. देवदारांची झाडं इतकी उंच, की शेंड्याकडे बघायला थांबावं लागे, आणि थांबले की पुढे त्याची पाठ दिसायची. घामानं काळी झालेली. वीस पावलं चालायचा, काठीवर रेलायचा, पुन्हा वीस पावलं. एकदा पाय घसरून गुडघ्यावर पडला, उठला, पट्टे घट्ट केले. मला राग आला होता आणि तो गेला नव्हता, हे मी खरं सांगते. पण त्या पाठीवरून माझी नजर हटत नव्हती. सचिवालयात फाइल आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवणारा हा माणूस, एवढ्या प्रचंड डोंगरावर एक बाटली पाण्यासाठी पावलं मोजत होता.

झाडं संपली आणि मोकळं गवताळ पठार आलं, तिथेच मुक्काम. तो सगळ्यात शेवटी पोचला. सॅक उतरवून त्यानं पाचही बाटल्या गवतावर ओळीनं ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी आडवा झाला. संध्याकाळच्या चहाला गाइडनं त्यातलंच पाणी घेतलं. बँकवाले म्हणाले, चहाला आमच्या आरओची चव येतेय, बिल्कुल घरचा लागतोय. सगळे हसले. थंडी मात्र अशी पडली, की मी काढायला लावलेल्या प्रत्येक स्वेटरनं माझा उद्धार केला. गाइडनं धुराचा वास येणाऱ्या घोंगड्या दिल्या, त्यात आम्ही मुटकुळी करून झोपलो.

उजाडताना गाइडनं हाक मारली. तासाभराच्या चढानंतर डोंगराच्या धारेवर पोचलो. ढग खाली दरीत बसले होते आणि वर आभाळ स्वच्छ होतं. मी समोर पाहिलं. निळे डोंगर, त्यामागे आणखी निळे. छान होतं. मी म्हणाले, सुंदर आहे. गाइड म्हणाला, "दीदी, और ऊपर देखो." मी नजर उचलली. आभाळ होतं. "और ऊपर."

मी मान मागे टाकली आणि ते दिसलं. जिथे मी आयुष्यभर फक्त आभाळ पाहिलं होतं, तिथे बर्फ होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उन्हाचा पहिला हात लागून पिवळा होत चाललेला.  मी खाली बसले, कारण उभं राहून एवढं बघायची माझी ताकद नव्हती.  मुलीनं मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. उशीखालच्या पत्रात मला इथे बोलावलेलं होतं. मला यायला अठ्ठावीस वर्षं लागली आणि ते सगळं जागच्या जागी होतं, त्याला काही घाई नव्हती.

तेवढ्यात भावाचा आवाज आला. धारेवर रेंज होती, त्यानं आईला फोन लावला होता, स्पीकरवर. आई नाशिकला, नुकती उठून देवपूजेच्या तयारीत.

"आई, एक सांगायचंय. त्या किल्ल्यावर ना, मीच माझं पाणी ओतून दिलं होतं. ओझं नको म्हणून. ताईची काही चूक नव्हती. अठ्ठावीस वर्षं तू तिला बोलतेस, ते..." 

 मग आई म्हणाली, "अरे, पंधरा वर्षांचं पोर तू. तुला काय अक्कल होती? तू ओतलंस ते तिला दिसायला नको? मोठी होती ना ती!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा अधिकारी माणूस, चेहरा पुन्हा पंधरा वर्षांचा. इतकी वर्षं दडवून ठेवलेलं आईनं अर्ध्या मिनिटात झटकून टाकलं होतं. मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, मी बोलतेय. समोर बर्फाचे डोंगर आहेत. पुढच्या वर्षी मी पुन्हा येणार आहे. दहा दिवस. थेट बर्फापर्यंत. एकटी."

"एकटी? जावई नाहीत, पोरगी नाही, हाही नाही?"

"कोणी नाही."

आता बोलणी बसणार म्हणून मी तयारच होते. 

"मग जा," ती म्हणाली. "दुसरं कुणी गेलं की मला घोर लागतो. तुझा मला कधीच नव्हता."

तिकडे देवाची घंटा वाजली आणि फोन कट झाला. मी त्या डोंगरांकडे तोंड करून, सगळ्यांच्या देखत, लहान मुलीसारखी रडले. भाऊ शेजारी येऊन बसला. मी त्याला उठ म्हटलं नाही.